मागून येणारा धूर

सगळे ज्याला घण म्हणत, त्या माणसाने एका बारवाल्याची तीन बोटं मोडली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. काम नेहमीसारखं चोख झालं. डाव्या हाताने मनगट काउंटरवर दाबून धरायचं, उजव्या हातात पेट्या उघडायची लाकडी मोगरी घ्यायची आणि एकेक बोट उरकायचं. पहिल्या बोटाला बारवाला ओरडला, दुसऱ्याला त्याने आईला हाक मारली, तिसऱ्याला नुसता श्वास ओढत राहिला. घणाने मोगरी पुसली, काउंटरवरचे दोन चणे तोंडात टाकले आणि तो निघाला.

तीन आठवड्यांनी कळलं, की महागड्या स्कॉचमध्ये भेसळ करणारा हा बारवाला नव्हताच. ती ट्रकवाल्याने वाटेतच केली होती. तोवर बारवाल्याची बोटं वाकडीच जुळून आली होती. आता ग्लास उचलायला त्याला दोन हात लागत.

घणाच्या मालकाचे पाच बार होते आणि एक गोदाम. स्कॉच समुद्रापलीकडून यायची, गोदामात उतरायची आणि तिथून बारमध्ये जायची. घण गेली अकरा वर्षं मालकाचा हात होता, आणि हाताने विचार करावा अशी अपेक्षा आजवर कोणी केली नव्हती.

"तुला मारायला पाठवलं तर तू सरळ मारतोस?" मालक कडाडला.

"मारायलाच पाठवलं होतं ना, मालक?"

मालक आणखीच भडकला. बारवाल्याचं त्याला फार दुःख झालं होतं अशातला भाग नाही. चुकीच्या माणसाला मारलं की खरा चोर पोट धरून हसतो, हे त्याला झोंबलं होतं. त्याच दिवशी त्याने धंद्याचा नियम बदलला. यापुढे चव घेणारा आणि हात उचलणारा माणूस एकच असणार. आधी ग्लास ओळखायचा, खोटा कुठला ते सांगायचं आणि मगच मोगरीला हात लावायचा. ज्याने चव घेतली त्यानेच मारायचं, दुसऱ्या कोणी नाही.

"आणि चव शिकवणार कोण?" घणाने विचारलं.

"मास्तर," मालक म्हणाला.

मास्तर सत्तरीचे होते. आयुष्यभर व्हिस्की मिसळण्याचं काम केलेला किडकिडीत, नेटका माणूस. गोदामाच्या वरच्या खोलीत त्यांनी चाळीस बाटल्या मांडल्या होत्या. माणसाने रंगावर भाळू नये म्हणून ग्लास मुद्दाम निळे घेतले होते. पहिल्या दिवशी त्यांनी घणापुढे ग्लास ठेवला, घणाने तो एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली.

"कशी होती?" मास्तरांनी विचारलं.

"कडक."

"अरे, घसा आहे की मोरी? ही अठरा वर्षं लाकडात झोपलेली आणि तू तिला एका सेकंदात उठवून हाकलून दिलंस!"

घणाला आजवर असं बोलून कोणी धड घरी गेलं नव्हतं. पण मास्तर रागावले की त्यांचे कान हलत, आणि ते बघून घणाला हसू आलं. तो शिकायला बसला.

शिकणं सकाळी अकरा वाजता, जेवणाआधी, कारण भरल्या पोटी नाक आळसावतं. साबणाने हात धुवायचे नाहीत, तंबाखू बंद. आधी तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. मग तितकंच पाणी घालायचं, म्हणजे आतलं सगळं मोकळं होतं. मग घोट जिभेवर फिरवायचा आणि घाई न करता गिळायचा. मग गप्प बसायचं, कारण मागून काय येतं ते खरं.

पहिले दोन महिने घणाला सगळ्यांत स्पिरिटच लागली. तिसऱ्या महिन्यात एका ग्लासातून अचानक संत्र्याचं साल आलं आणि तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "मास्तर, संत्रं! आईशप्पथ संत्रं!" मग भराभर दारं उघडत गेली. मध आला, मनुका आल्या, ओलं पोतं, वॉर्निश, जुना चामडी पट्टा. पट्ट्याचा वास त्याला लगेच पटला. बापाने त्याच्या पाठीवर तो पुष्कळ वर्षं चालवला होता.

चौथ्या महिन्यात मास्तरांनी बेटावरची पुढे केली. समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर धुरावर वाळवलेल्या धान्याची ती व्हिस्की. लेबलावर दीपगृहाचं चित्र. घणाने वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला. आधी धूर होता, मग ओला दोरखंड, मग फिनेल आणि मागून, अगदी मागून, टिंक्चर.

त्याची आई दवाखान्यात फरशा पुसायची. जखमा बांधणाऱ्या बायांच्या हाताखाली काम करायची, म्हणून तिच्या हातांना कायम फिनेलचा आणि टिंक्चरचा वास असे. बापाचा पट्टा वाजून झाला, की तेच हात पाठीवरून फिरायचे. ती जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. तिचा चेहराही घणाला नीट आठवत नव्हता आणि आता एका परक्या बाटलीतून तिचे हात समोर आले होते. तो भिंतीकडे तोंड करून बसला. मास्तरांनी खिडकी उघडायचं निमित्त काढलं.

वर्षाअखेर मास्तर म्हणाले, "आता एक निवड. चाळिसांतली एकच. तुझी आवडती."

"विचारायला हवं का?"

"हवं. कारण आवडती कळली की माणूस कळला. मिसळणारा कितीही लबाड असू दे, काम फसायला लागलं की त्याचा हात आवडत्या बाटलीकडेच जातो. मी त्याच्यावरून माणसं ओळखली आहेत."

बेटावरच्या दोनच बाटल्या आल्या होत्या. मालकाने एक स्वतःच्या कपाटात ठेवली आणि दुसरी घणाला बक्षीस दिली.

घणाने मारणं सोडलं असं कोणी समजू नये. चव आली म्हणून माणूस संत होत नाही. त्या वर्षात त्याने एका बार मॅनेजरचे पुढचे चार दात पाडले, एका ड्रायव्हरचा गुडघा उलट्या बाजूने वाकवला आणि एका भागीदाराचं डोकं बर्फाच्या पेटीत झाकण घालून दाबून धरलं. पण प्रत्येक वेळी आधी ग्लास ओळखला होता आणि प्रत्येक वेळी माणूस बरोबर निघाला. याचा त्याला अभिमान होता. फक्त मारून झाल्यावर तासभर रक्ताचा लोखंडी वास नाकातून हलत नसे, आणि त्या दिवशी शिकवणी फुकट जाई.

बायकोने घरात बाटली ठेवायला साफ नकार दिला. "एक तर मी राहीन, नाहीतर ती," असं तिने स्वयंपाकघरातूनच जाहीर केलं. म्हणून बाटली मेव्हण्याच्या कपाटात राहायची. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. आईबाप लवकर गेले, तेव्हा बायकोने या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. मालकाच्या गोदामात त्याला घणानेच चिकटवलं होतं. दर रविवारी दुपारी तो बाटली घेऊन यायचा आणि दोघं झाकणभर झाकणभर घ्यायचे.

"भावोजी, हे तर जळक्या लाकडासारखं लागतंय."

"थांब. गिळून झाल्यावर बोल. मागून काय येतंय?"

मेव्हण्याला नाक उपजतच होतं. घणाला चार महिने लागले ते तो चार रविवारांत शिकला. घणाला त्याचं कौतुक वाटायचं आणि बायकोला दोघांना एकत्र हसताना बघून बरं वाटायचं.

मग ती सकाळ आली.

मालकाच्या पाहुण्यांनी तीस वर्षांच्या बाटलीतला एक घोट घेतला होता आणि नुसतं हसून ग्लास बाजूला सारला होता. मालकाला शिवी चालली असती, ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी अकराला त्याने गोदामाची चारही माणसं भिंतीशी उभी केली. त्यात मेव्हणा होता. टेबलावर तीन निळे ग्लास होते, त्याच फळीवरच्या तीन बाटल्यांमधले. फळीला चौघांचेही हात लागत, त्यामुळे बाटलीवरून माणूस कळणार नव्हता. मास्तरांनी आधीच चव घेऊन कागदावर लिहिलं होतं आणि कागद मालकाच्या खिशात होता.

पहिला ग्लास खरा होता. मध, मनुका, जुनं लाकूड. दुसराही तसाच. तिसऱ्यात घणाने नाक घातलं. मध होता, मनुका होत्या, पण खाली कच्ची स्पिरिट टोचत होती. त्याने पाणी घातलं, घोट घेतला, गिळला आणि गप्प बसला. मागून धूर आला. धुराच्या मागून टिंक्चर आलं.

साध्या चोराने कच्च्या स्पिरिटमध्ये करपवलेली साखर घातली असती, चहाचं पाणी घातलं असतं. पण याला चव होती. स्पिरिट टोचते आहे हे याला कळलं, सहन झालं नाही, आणि ते झाकायला याने आपली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यात ओतली. घणाने मान वर न करता डोळ्यांच्या कोपऱ्यातून भिंतीकडे पाहिलं. मेव्हणा आपल्या बुटांकडे बघत होता.

"बोल," मालक म्हणाला.

"तिसरा."

"आहे काय त्यात?"

घणाने ग्लास खाली ठेवला. मालकाने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. "तिसरा. कच्ची स्पिरिट. वर बेटावरची, दोन पेगच्या आसपास." त्याने चष्मा उतरवला. "बेटावरच्या दोन बाटल्या. एक माझ्या कपाटात आहे, सील न मोडलेली. दुसरी कुठे आहे?"

खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. पण सांगितल्यावर मोगरी घणालाच उचलावी लागणार होती, आणि मालकाच्या पाहुण्यांसमोर लाज काढणाऱ्याचा हिशेब बोटांवर मिटणार नव्हता. अख्खा पंजा जाणार होता, उजवा. घणाला बायको दिसली, भावाला कडेवर घेतलेली. आपण संध्याकाळी घरी जाऊन तिला काय सांगणार आहोत, हे त्याला काही केल्या सुचेना.

"दुसरी माझ्याकडे," तो म्हणाला. "काम माझंच आहे."

मास्तरांचे कान हलले. बारा वर्षं जवळ ठेवलेल्या माणसाने दगा दिला याचं मालकाला खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो अधिक क्रूर व्हायचा.

"हात मोडून काय उपयोग? हात तुझाच होता," तो म्हणाला. "नाक मात्र मी दिलं. नाक परत घेतो. मोगरी आणा."

"कोण...?" कोणीतरी विचारलं.

"नियम विसरलात का? ज्याने चव घेतली त्याने. मास्तर, उठा."

मास्तर उठले ते टेबलाला धरून. त्यांनी आयुष्यात डाससुद्धा जोरात मारला नव्हता. "मला जमणार नाही," ते म्हणाले. मालकाने शांतपणे सांगितलं, की मग भिंतीशी उभ्या चौघांची बोटं एकेक करून मोडली जातील आणि तेवढा वेळ मास्तरांनी बघत बसावं. मास्तरांनी मोगरी हातात घेतली.

घण स्वतःच खुर्चीत बसला आणि डोकं मागच्या भिंतीला टेकवलं.

पहिला फटका गालाच्या हाडावर बसला. कातडी फाटली, रक्त कानाकडे वाहिलं. नाकाला काहीच झालं नाही. "पुन्हा," मालक म्हणाला.

"मास्तर, असं नाही," घण हळूच म्हणाला. "मनगट सैल सोडा. जोर खांद्यातून येऊ द्या. आणि डोळे उघडे ठेवा, मिटलेत तर दात जातील."

"मला क्षमा कर रे."

"खांद्यातून, मास्तर. एका दमात उरका, नाहीतर माझे हाल होतील."

दुसऱ्या फटक्याला नाकाचं मऊ हाड आडवं झालं. आवाज ओली काडी मोडल्यासारखा आला आणि घणाच्या तोंडात गरम रक्त उतरलं. तिसरा वर, भुवयांच्या मधे बसला. त्याने डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मागे भिंतीवर डोकं आपटलं. मास्तर आता रडत होते आणि रडता रडता मारत होते. चौथा फटका त्याच जागी बसला, खांद्यातून, अगदी शिकवल्यासारखा. भिंतीशी मेव्हण्याने उलटी केली. तो काही बोलला मात्र नाही.

डॉक्टरांनी नाक सरळ केलं, पण वासाचे बारीक तंतू कवटीच्या आतच तुटले होते, ते परत येणार नव्हते. घणाने बायकोला सांगितलं, की वरच्या फळीवरून पेटी पडली. तिने विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. पण ती पंधरा दिवस चमच्याने भात भरवत राहिली.

महिन्याने, रविवारी दुपारी, मेव्हणा दारात आला. हातात बाटली. डोळे सुजलेले. आत येऊन त्याने उजवा हात टेबलावर पसरला.

"मोडा, भावोजी. पाहिजे तेवढी बोटं मोडा."

घणाने त्या हाताकडे बघितलं. इतक्या जवळ, इतक्या तयारीने पसरलेला हात त्याला पहिल्यांदाच मिळाला होता. आत स्वयंपाकघरात बायको कांदा चिरत होती, सुरीचा आवाज येत होता.

"हात उचल," तो म्हणाला. "दर रविवारी यायचं. झाकणभर मला, झाकणभर तुला. वास तू घ्यायचा आणि काय येतंय ते मला सांगायचं. खोटं बोलायचं नाही."

मेव्हण्याने ग्लासात नाक घातलं. "धूर येतोय," तो म्हणाला. "ओला दोरखंड. फिनेल. आणि मागून... मागून टिंक्चर."

घण घोट तोंडात धरून ऐकत होता. जिभेवर नुसती आग होती, वाफाळत्या पाण्यासारखी. पण टिंक्चर हा शब्द कानात पडला आणि तो ढसाढसा रडला. इतका मोठा, इतक्या लोकांना रडवलेला माणूस टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला आणि मेव्हणा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग रविवार येत गेले. घण आठवडाभर त्या पाच मिनिटांची वाट बघायचा. मालकाने कामावरून काढलं होतं, मास्तर फिरकत नव्हते, जेवणात चव नव्हती. पण रविवारी दुपारी आई यायची.

आठव्या रविवारी ऊन खिडकीतून थेट बाटलीवर पडलं. पहिल्या रविवारी दारू लेबलावरच्या दीपगृहाच्या दारापर्यंत होती. आजही ती दारापर्यंतच होती. आठ आठवडे दोन माणसांनी पिऊनही दाराखाली उतरली नव्हती.

"काय येतंय?" घणाने विचारलं.

"धूर. ओला दोरखंड. फिनेल आणि..."

घणाचा डावा हात मेव्हण्याच्या मनगटावर पडला. मेव्हण्याने बाटलीकडे पाहिलं, मग दीपगृहाच्या दाराकडे आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मोगरी नव्हती, तिची गरजही नव्हती. घणाने करंगळी मुठीत घेतली आणि उलटी वाकवली. कट्‌. हाडाच्या टोकाने सांध्यावरची कातडी फोडली. मेव्हणा किंचाळला. स्वयंपाकघरात सुरी खाली पडली.

"आता खरं सांग. काय येतंय?"

"स्पिरिट," मेव्हणा हुंदके देत म्हणाला. "कच्ची स्पिरिट. करपवलेली साखर. बेटावरची तिसऱ्या रविवारीच संपली, भावोजी. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही वाट बघत असायचात."

"आणि टिंक्चर? तेही खोटंच ना?"

"नाही. टिंक्चर खरं आहे. दर वेळी एक थेंब घालतो. मी बोलेन त्यातलं निदान एक तरी खरं असावं म्हणून."

घणाचा हात आपोआप सुटला. बायको दारात उभी होती. तिने भावाचं बोट पाहिलं, बाटली पाहिली, नवऱ्याचं वाकडं नाक पाहिलं आणि महिनोन्‌महिने तिला जे कोणी सांगितलं नव्हतं ते तिला सगळं कळलं. ती कपाटातून टिंक्चरची बाटली आणि कापूस घेऊन आली आणि तिने भावाच्या फाटलेल्या कातडीवर तपकिरी बोळा दाबला. तो कळवळला.

घण पुढे वाकला. त्याने ते बोट दोन्ही हातांत अलगद धरलं, तोंड किंचित उघडलं, मास्तरांनी शिकवलं होतं तसं, आणि बोटाजवळ नाक नेऊन लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मग आणखी एक.

"वास येतोय का?" बायकोने विचारलं.

त्याने मान हलवली. "नाही गं," तो म्हणाला.